मुंबई–न्यूयॉर्क: अंतर तेच, मग जाताना 16 तास आणि येताना 14 का?

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी न्यू जर्सीला असते, आई-बाबा दिवाळीनंतर पहिल्यांदाच मुंबईहून थेट विमानाने तिच्याकडे जाणार आहेत. नेटवर मुंबई–न्यूयॉर्क अंतर कुठे 12,500 दिसतं, कुठे 7,800, कुठे 6,800. वेळेचंही तसंच, 14 तासांपासून 17 तासांपर्यंत काहीही. यातलं खरं कोणतं? जाता-येता पडणारा दीड-दोन तासांचा फरक पृथ्वी फिरते म्हणून पडतो का? आणि न्यूयॉर्क पश्चिमेला असताना सीटसमोरच्या पडद्यावर विमान एवढं उत्तरेकडे चढताना का दिसतं?

मी फ्लाइट डिस्पॅचर आहे. वैमानिक विमानात बसण्याच्या काही तास आधी जमिनीवर बसून त्या उड्डाणाचा मार्ग, इंधन, वजन आणि पर्यायी विमानतळ ठरवायचे, हे आमचं काम. लांब पल्ल्याची उड्डाणं बरीच वर्षं हाताळली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी आकड्यांचा घोळ मिटवू. ते तिन्ही आकडे बरोबर आहेत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज विमानतळापासून न्यूयॉर्कच्या जॉन एफ. केनेडी विमानतळापर्यंत पृथ्वीच्या पृष्ठभागावरून मोजलेलं कमीत कमी अंतर सुमारे 12,550 किलोमीटर आहे. तेच मैलांत सुमारे 7,800 आणि सागरी मैलांत सुमारे 6,775. विमानाच्या कामात सागरी मैल चालतो, तो 1,852 मीटरचा. बऱ्याच संकेतस्थळांवर नुसतं ‘मैल’ लिहिलेलं असतं, कोणता ते सांगितलेलं नसतं, त्यामुळे वाचणारा गोंधळतो. न्यू जर्सीतल्या नेवार्क विमानतळाचं अंतरही जवळपास एवढंच आहे. मुलगी तिथल्या एडिसन गावाकडे राहत असेल तर नेवार्कला उतरणं केव्हाही सोयीचं.

आता ‘कमीत कमी अंतर’ म्हणजे काय, ते पाहू. घरात मुलांच्या अभ्यासाचा पृथ्वीचा गोल असेल तर एक दोरा घ्या. एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर धरा आणि दोरा ताणा. तो अरबस्तान, सहारा, अटलांटिक असा आडवा जाणारच नाही. मुंबईहून निघताना त्याची दिशा जवळजवळ वायव्य-उत्तर असते, म्हणजे पश्चिमेपेक्षा उत्तरेकडेच जास्त. कच्छचं रण, सिंध, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानचा पश्चिम भाग आणि मग चक्क मॉस्कोच्या जवळून तो जातो. पुढे फिनलंडचं दक्षिण टोक, नॉर्वेतलं ट्रॉन्डहेम आणि आइसलंड. तिथून ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला जवळजवळ घासून लॅब्राडोर, मेन आणि न्यूयॉर्क. या वाटेचा सर्वात उत्तरेचा बिंदू जवळपास 65 अंश अक्षांशावर येतो. मुंबई 19 अंशांवर आहे आणि न्यूयॉर्क 41 च्या आत, हे लक्षात घेतलं की ही वाट किती वर चढते ते कळतं.

भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशात या दोन शहरांमध्ये पट्टीने सरळ रेघ मारली तर ती सौदी अरेबिया, इजिप्त, लिबिया, अल्जेरिया, मोरोक्को करत मदीरा बेटांजवळून जाते. दिसायला सरळ, पण प्रत्यक्षात 14,200 किलोमीटर, म्हणजे सुमारे 1,650 किलोमीटर जास्त. सपाट कागदावर गोल पृथ्वी पसरताना उत्तरेकडचे प्रदेश ताणले जातात, म्हणून जवळची वाट कागदावर वाकडी दिसते. विमान ‘वर चढतं’ त्याचं मूळ कारण एवढंच.

पण दोऱ्याची ही वाट विमानाला कधीच जशीच्या तशी मिळत नाही. खाली देश आहेत आणि प्रत्येकाचं आकाश त्याच्या मालकीचं आहे. कोणाच्या आकाशातून जायला परवानगी आहे, कुठे लढाई चालू आहे, कुठे नियंत्रण कक्षच नाही, हे सगळं बघून मार्ग ठरतो. 2021 च्या ऑगस्टनंतर अफगाणिस्तानच्या आकाशात हवाई नियंत्रणाची सेवा राहिली नाही. फेब्रुवारी 2022 पासून युक्रेनचं आकाश नागरी विमानांना बंद आहे. रशियाचं आकाश अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना बंद झालं, भारतीय कंपन्यांना मात्र उघडं राहिलं. आणि एप्रिल 2025 मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, भारतानेही तसंच उत्तर दिलं. असंच 2019 मध्ये फेब्रुवारी ते जुलै घडलं होतं.

इथे मुंबईकरांच्या फायद्याची एक गोष्ट आहे, ती सहसा कोणी सांगत नाही. दोऱ्याने मोजलं तर दिल्ली न्यूयॉर्कला मुंबईपेक्षा सुमारे 800 किलोमीटरने जवळ आहे. दिल्ली–न्यूयॉर्क साधारण 11,750 किलोमीटर भरतं. पण पाकिस्तानचं आकाश बंद असताना दिल्लीच्या विमानाला आधी राजस्थान-गुजरातवरून खाली समुद्रापर्यंत यावं लागतं आणि मग ओमानच्या बाजूने वर चढावं लागतं. मस्कत आणि इस्तंबूलवरून जाणारी वाट धरून मी हिशेब केला तर दिल्लीहून अंतर साधारण 13,600 किलोमीटर होतं, म्हणजे सुमारे 1,900 किलोमीटर वाढतं. मुंबईहून याच वाटेने ते 13,000 च्या आसपास राहतं, वाढ 450 किलोमीटर. दिल्लीकरांना दोन तासांचा फटका, मुंबईकरांना अर्ध्या तासाचा. 2025 च्या उन्हाळ्यात दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या एअर इंडियाच्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्नासारख्या ठिकाणी उतरावं लागत होतं. दिल्ली–वॉशिंग्टन सेवा त्याच वर्षी 1 सप्टेंबरपासून बंद झाली, त्यामागे विमानांची कमतरता होती आणि हे बंद आकाशही होतं. तेव्हा तिकीट काढताना ‘दिल्लीहून जवळ पडेल’ हे गृहीत धरू नका. त्या महिन्यात कोणतं आकाश उघडं आहे ते बघा.

आता वेळ. बोइंग 777 विमान पुरेशा उंचीवर पोचल्यावर ताशी सुमारे 895 ते 900 किलोमीटर वेगाने उडतं. 12,550 ला 900 ने भागलं की 14 तास येतात. संकेतस्थळं बहुतेक हाच भागाकार करतात, वर अर्धा तास टाकतात आणि उत्तर देतात. या हिशेबात वारा नाही, म्हणून त्याचा उपयोगही नाही.

ताशी 900 हा विमानाचा हवेतला वेग आहे. ती हवा स्वतःच वाहत असते. 9 ते 12 किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वाऱ्यांचे पट्टे असतात, त्यांना जेटस्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात ध्रुवाकडची थंड हवा आणि उष्ण कटिबंधाकडची गरम हवा यांच्यातला फरक वाढतो आणि वाऱ्यांचाही जोर वाढतो. अशा वेळी पट्ट्याच्या मध्यावर ताशी 200 ते 300 किलोमीटरचा वारा मिळणं नवलाचं नाही. हा पट्टा फक्त अटलांटिकवर नाही. हिवाळ्यात इराण, पाकिस्तान आणि उत्तर भारतावरही असाच एक जोरकस पट्टा असतो. त्यामुळे मुंबईहून निघालेल्या विमानाला समोरचा वारा अटलांटिकच्या कितीतरी आधी, पहिल्या काही तासांतच लागायला लागतो.

एक नमुना हिशेब मांडतो. आकडे मी समजुतीसाठी धरले आहेत, पण थंडीतल्या दिवसात असेच आकडे समोर येतात. जाताना मार्ग 13,250 किलोमीटर, विमानाचा वेग 895, वाटभर समोरचा वारा सरासरी ताशी 55. म्हणजे जमिनीच्या हिशेबाने वेग राहिला 840. हवेतला वेळ साधारण 15 तास 46 मिनिटं. येताना मार्ग जरा वेगळा, 13,400 किलोमीटर, कारण आम्ही मुद्दाम वाकडी वाट करून विमानाला वाऱ्याच्या पट्ट्यात बसवतो. पाठीमागून सरासरी 75 चा वारा, वेग झाला 970. वेळ 13 तास 49 मिनिटं. मार्ग 150 किलोमीटरने लांब, तरी विमान जवळपास दोन तास आधी पोचलं.

माझ्या धंद्यात महत्त्वाचं काय, तर ‘हवेतलं अंतर’. म्हणजे विमानाने आजूबाजूच्या हवेतून किती किलोमीटर कापले. वरच्या हिशेबात जाताना ते 14,100 च्या वर जातं. येताना ते 12,360 येतं. बघा, गोलावर दोरा ताणून मिळालेल्या सर्वात जवळच्या अंतरापेक्षाही हे कमी आहे. इंधन जळतं ते या अंतरावर. म्हणून दोन शहरांत अंतर किती असं कोणी विचारलं तर मी आधी विचारतो, कोणत्या दिशेने आणि कोणत्या महिन्यात?

याचं सर्वात ठळक उदाहरण आपल्याच देशातलं आहे. दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को हे एअर इंडियाचं विमान आधी अटलांटिकवरून जायचं, सुमारे 13,900 किलोमीटर. ऑक्टोबर 2016 मध्ये कंपनीने ते पूर्वेकडून, पॅसिफिक महासागरावरून न्यायला सुरुवात केली. अंतर झालं सुमारे 15,300 किलोमीटर, म्हणजे 1,400 ने जास्त. तरीही उड्डाण साडेचौदा तासांत पुरं झालं, आधीपेक्षा जवळपास दोन तास कमी. वारा पाठीशी घेतला, एवढाच फरक. परतीचा प्रवासही पश्चिम-पूर्व वाऱ्यासोबत अटलांटिकवरून केला तर विमान एका फेरीत पृथ्वीप्रदक्षिणा करून येतं. मार्ग आखणाऱ्या माणसाला अशा निर्णयाचा किती आनंद होतो, ते शब्दांत सांगता येणार नाही.

आणि वारा काय करू शकतो याचा दुसरा दाखला म्हणजे फेब्रुवारी 2020 मधलं न्यूयॉर्क–लंडन उड्डाण. कियारा नावाच्या वादळाच्या दिवसांत ब्रिटिश एअरवेजचं 747 तिथे 4 तास 56 मिनिटांत पोचलं. जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग एका टप्प्यावर ताशी 1,300 किलोमीटरच्या वर गेला होता. तरीही ते आवाजापेक्षा वेगाने उडत नव्हतं, कारण भोवतालची हवाच त्याच्याबरोबर धावत होती.

पृथ्वी फिरते म्हणून फरक पडतो का, या प्रश्नाचं उत्तर: थेट नाही. पृथ्वीबरोबर तिचं वातावरणही फिरतं, विमानतळही आणि धावपट्टीवर उभं असलेलं विमानही. पृथ्वी खालून सरकतेय आणि विमान वर थांबलंय असं कधी होत नाही. मात्र वरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वळतात ते पृथ्वीच्या फिरण्यामुळेच. त्यामुळे फिरण्याचा हात आहे, पण वाऱ्यामार्फत.

जाताना विमान उत्तरेकडून का नेलं जातं, याचं अजून एक कारण अटलांटिकवरच्या रहदारीत आहे. तिथे रोज वाऱ्यानुसार समांतर मार्गांचा एक संच जाहीर होतो. युरोपहून अमेरिकेकडे जाणारे मार्ग दिवसा चालू असतात आणि अमेरिकेहून युरोपकडे येणारे रात्री. मुंबईहून मध्यरात्रीनंतर निघालेलं विमान अटलांटिकच्या मध्यावर पोचतं तेव्हा तिकडे नेमकी पूर्वेकडे येणाऱ्यांची वेळ असते. समोरून शेकडो विमानं, आणि तीही वाऱ्याच्या मध्यावरून. मग आपलं विमान त्या गर्दीच्या बाजूने, बहुतेकदा उत्तरेकडून काढणं दोन्ही दृष्टींनी बरं पडतं. वारा कमी लागतो आणि हवी ती उंचीही मिळते.

उंचीचंही सांगतो, कारण पडद्यावर हे तुम्हाला स्वतः बघता येईल. मुंबईहून निघताना 777 चं वजन 350 टनांच्या आसपास असू शकतं, त्यातलं सव्वाशे टनांच्या पुढे इंधन. एवढं जड विमान सुरुवातीला 30–32 हजार फुटांवरच थांबतं. ताशी सात-आठ टन इंधन जळत जातं, विमान हलकं होतं, आणि काही तासांनी ते 34, मग 36, मग 38 हजार फुटांवर चढतं. पश्चिमेकडे जाताना सम हजारांची उंची आणि पूर्वेकडे येताना विषम, असा नियम आहे. बाबांना सांगा, दर तीन-चार तासांनी पडद्यावरचा उंचीचा आकडा टिपून ठेवा. त्याच पानावर जमिनीच्या हिशेबाचा वेग आणि समोरच्या किंवा पाठीमागच्या वाऱ्याचा आकडाही येतो. वेग 900 च्या खाली, वारा समोरून 80 असं दिसलं की बाकीचा हिशेब तुमच्या हातात आहे.

मग इतकं लांब जायचं तर भरपूर इंधन भरून का घेत नाही, असं बरेच जण विचारतात. इंधनाचंही वजन असतं आणि ते वाहून न्यायला पुन्हा इंधन लागतं. एवढ्या लांबच्या उड्डाणात एक टन जास्तीचं इंधन भरलं तर त्यातलं तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त ते नेण्यातच जळून जातं. म्हणून मोजून भरतो: प्रवासाचं, वाटेतल्या फरकासाठी थोडं, पर्यायी विमानतळापर्यंतचं, आणि शेवटी 30 मिनिटं घिरट्या घालता येतील एवढं राखीव, ज्याला सहसा हात लागू नये. वारा फारच आडवा आला तर प्रवाशांचं सामान सोडून बाकीचा कार्गो कमी करावा लागतो. थंडीत मुंबईहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या विमानाच्या बाबतीत हा निर्णय आमच्या टेबलावर बऱ्याचदा येतो.

तिकिटावरची वेळ मात्र हवेतल्या वेळेपेक्षा वेगळी. ती विमान गेटवरून हललं तेव्हापासून दुसऱ्या गेटवर थांबलं तोपर्यंतची. मुंबईत रात्री बारा ते तीन या वेळात परदेशी विमानांची रांग असते, धावपट्टीपर्यंत जायला वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात. न्यूयॉर्कला उतरल्यावर गेट मोकळं नसेल तर पुन्हा थांबणं आलं. शिवाय कंपन्या मोसमातल्या वाऱ्याचा अंदाज घेऊन वेळापत्रकात थोडी मोकळीक ठेवतात. म्हणून जाताना सुमारे 16 तास आणि येताना साडेचौदाच्या आसपास असं छापलेलं असतं, आणि कधी कधी विमान चाळीस मिनिटं ‘लवकर’ पोचलं की लोकांना वाटतं वैमानिकाने वेग वाढवला. त्या दिवशी वारा कमी होता, बहुतेक वेळा एवढंच असतं.

घड्याळाचा फरक यात आणखी गोंधळ घालतो. न्यूयॉर्क मुंबईच्या मागे आहे, उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा, कारण अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे नेतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणतात. उन्हाळ्यात रात्री 1 वाजता मुंबईहून निघून सकाळी 7 वाजता न्यूयॉर्कला पोचलात तर तिकिटावर सहा तास दिसतात, प्रत्यक्षात साडेपंधरा झालेले असतात. येताना उलट. तिकडून सकाळी साडेअकराला निघालात आणि साडेचौदा तास उडालात, तर मुंबईत दुसऱ्या दिवशी साडेअकराच वाजलेले असतात. तुमचे आई-बाबा दिवाळीनंतर जाणार आहेत, म्हणजे नोव्हेंबरचा पहिला रविवार उलटलेला असेल तर साडेदहाचाच फरक धरा. त्यांच्या औषधांच्या वेळा लिहून द्यायच्या असतील तर विमानात बसल्यापासून दर अमुक तासांनी असं लिहा, घड्याळाच्या वेळेने लिहू नका. मधुमेहाचं इन्सुलिन असेल तर डॉक्टरांना दोन्ही बाजूंचे तास सांगून वेळा ठरवून घ्या. 16 तास आणि साडेचौदा तास यांत एक जेवण कमी-जास्त होतं.

थेट विमानाच्या ऐवजी दुबई, दोहा किंवा लंडनवरून जायचा विचार असेल तर एकूण उडण्याचा वेळ फार वाढत नाही. दुबई आणि दोहा तर जवळजवळ वाटेतच आहेत. वाढतो तो मधला थांबा. गुडघ्यांचा किंवा पायाला सूज येण्याचा त्रास असेल तर सलग 16 तास बसण्यापेक्षा मध्ये दोन-तीन तास चालायला मिळणं काहींना मानवतं. उलट, पहिल्यांदा जाणाऱ्या, इंग्रजीत बोलायला बिचकणाऱ्या माणसांना विमान न बदलता जाणंच बरं. हा निर्णय अंतरावर घेऊ नका, आई-बाबांच्या तब्येतीवर घ्या.

मुलगी पुढे दुसऱ्या शहरात राहत असेल आणि न्यूयॉर्कहून अजून एक विमान असेल, तर मधे किमान तीन तास ठेवा, डिसेंबर-जानेवारीत चार. अमेरिकेत पहिल्या विमानतळावरच इमिग्रेशन होतं, बॅगा पट्ट्यावरून उचलून कस्टममधून न्याव्या लागतात आणि पुढच्या विमानासाठी पुन्हा द्याव्या लागतात. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर घ्या. समोरच्या वाऱ्याने पहिलं विमान तासभर उशिरा पोचलं आणि पुढचं सुटलं, तर नवी सीट देण्याची जबाबदारी कंपनीची राहते.